समुद्राचा अभ्यास फाईलपर्यंत पोचतो कसा

प्रश्न असा आलाय. पाटण तालुक्यातली एक मुलगी, सध्या कऱ्हाडला झूऑलॉजीत एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला. ती लिहिते, "ताई, मला समुद्री जीवशास्त्रात पुढं जायचंय, पण नुसते पेपर छापून गप्प बसायचं नाहीये, आपल्या अभ्यासाचा सरकारच्या धोरणात काहीतरी उपयोग व्हावा असं वाटतं. हे दोन्ही जोडतात कसं ते कुणी सांगत नाही. आणि घरचे म्हणतात, साताऱ्यात बसून समुद्राचा कसला अभ्यास."

घरच्यांचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. त्यांना म्हण, कोयनेचं पाणी कुठं जातं सांगा. निम्मे लोक म्हणतील कऱ्हाडला, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, मग सांगली, मग कर्नाटक, आणि शेवटी आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. बरोबरच आहे. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं पोफळीला उतरतं, वीज करतं, मग वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मंजुरी दिलेली आहे, आणि धरणाची सगळी साठवण साधारण १०५ टीएमसी, म्हणजे बघ किती झालं. तुझ्या तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत जातो, असे तालुके देशात फार नसतील. वाशिष्ठीला बारा महिने गोडं पाणी आहे ते बऱ्याच अंशी आपल्या कोयनेमुळं, आणि त्या गोड्या पाण्यानं खाडीचा खारटपणा बदलतो, खारटपणा बदलला की मासे, तिसऱ्या (शिंपल्या), कांदळवन सगळंच बदलतं. त्यामुळं घरात भांडण नको, नकाशा काढून दाखव.

आता मूळ प्रश्न. मी मूळची वाळवा तालुक्यातली, वडील साखर कारखान्यात, समुद्र पहिल्यांदा बघितला तो कॉलेजच्या सहलीला गणपतीपुळ्यात. नंतर पंचवीसेक वर्षं किनाऱ्यावर, खाड्यांमध्ये आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं मुंबईच्या सरकारी समित्यांच्या टेबलाभोवती गेली. आता सांगलीत विश्रामबागला असते. मला हा सगळा धंदा खरा समजला तो समुद्रावर नाही, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर, हे आधीच सांगून टाकते.

पूर आला की सांगलीत माणूस माणसाला काय विचारतो? "पाणी किती फुटावर?" बास, एवढंच. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. शेंबड्या पोराला पण माहीत असतं. त्या आकड्यामागं पाणलोटातला पाऊस आहे, कोयनेचा विसर्ग आहे, वारणेचं पाणी आहे, नदीपात्राचा उभा-आडवा छेद आहे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून चाललेले वाद आहेत, त्यातलं कुणीच कुणाला विचारत नाही. पण ४० ला पाणी टेकलं की नदीकाठचा माणूस म्हशी सोडतो, पालिकेची गाडी भोंगा लावून फिरते, आणि त्यासाठी कुणाला शास्त्रज्ञाला फोन करावा लागत नाही. आणि दुसरं, पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. सांगलीत प्लॉट घेणारा माणूस सातबारा नंतर बघतो, आधी विचारतो निळ्या रेषेत आहे का. (आणि आत असला तरी घेतो, तो भाग वेगळा.)

तर समुद्राचंही तसंच आहे. कितीही मोठा अभ्यास असू दे, तो धोरणात शिरतो तेव्हा त्याची एक तर रेषा होते, किंवा आकडा होतो, किंवा तारीख होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ही झाली तारीख. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारी नियम लागू, ही रेषा. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही, हा आकडा. तुझ्या प्रबंधाची दोनशे पानं असली तरी मंत्रालयात शिरताना त्याचं एवढंसंच होतं. बरेच शास्त्रज्ञ यावर नाक मुरडतात, म्हणतात आमच्या कामाचा चुथडा केला. मी पण म्हणायची. पण आता माझं मत असं की ती रेषा किंवा तो आकडा आपण स्वतः काढून नाही दिला तर दुसरा कुणीतरी काढतो, आणि त्याला समुद्रातलं काही माहीत नसतं.

माझा एक फजितीचा किस्सा सांगते, त्याशिवाय हे पटायचं नाही.

कोकणातली एक खाडी, नाव नको. वरच्या अंगाला कारखाने, खाली मच्छीमार वस्ती, मासे मरून वर यायचे आणि दरवेळी तीच तक्रार. आम्ही दोन वर्षं पाण्याचे नमुने घेतले. तुला माहीत असेल, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत. काचेची तीनशे मिलीची बाटली, बूच असं लावायचं की आत बुडबुडा राहता कामा नये, मग होडीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड सोडायचं, बाटली उलटी-पालटी केली की आत साका धरतो. ऑक्सिजन भरपूर असला तर साका चांगला गडद तपकिरी, कमी असला तर फिकट. लॅबमध्ये जायच्या आधीच होडीत बसल्या-बसल्या कळतं की पाण्याची तब्येत कशी आहे. पहिले सहा महिने आमच्या सगळ्या बाटल्या मस्त तपकिरी. मला कळेना की मासे मग मरतात कशानं.

आमच्या होडीवर एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, होते. ते एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही पाहुणे आल्यावर घर बघताय." मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं की आम्ही सोयीसाठी रोज भरतीला निघत होतो, कारण ओहोटीला होडी गाळात रुतते. भरतीला खाडीत असतं ते समुद्राचं ताजं पाणी, पाहुणं पाणी. खाडीचं स्वतःचं पाणी बघायचं तर ओहोटीच्या शेवटाला या, आणि त्यातही पहाटे, कारण दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, रात्रभर मात्र सगळेच तो खात बसतात. गेलो पहाटे चारला, गुडघाभर चिखलात. त्या दिवशी बाटलीतला साका दुधाळ चहासारखा आला. व्यावसायिक मासेमारीच्या पाण्याला, म्हणजे किनारी पाण्याच्या पाच वर्गांतला जो एसडब्ल्यू-दोन वर्ग आहे त्याला, लिटरमागं निदान ४ मिलीग्रॅम ऑक्सिजन पाहिजे असं केंद्राचं मानक आहे. आम्ही त्याच्या बरेच खाली होतो.

सहा महिन्यांची मेहनत एका वाक्यात गेली. पण पुढं जे झालं ते त्याहून वाईट. दोन वर्षांनी १८० पानांचा अहवाल केला, इंग्रजीत, रंगीत आलेख, बाईंडिंग करून एका कार्यालयात नेऊन दिला. तिथले अधिकारी सज्जन होते, चहा पाजला, पानं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं बरोबरच असणार. पण मी टिपणीवर काय लिहू?" मी म्हणलं, निष्कर्षाचं प्रकरण बघा ना. त्यांनी बघितलं. त्यात मी लिहिलं होतं की ऋतुमानानुसार आणि भरती-ओहोटीनुसार लक्षणीय तफावत आढळते आणि अधिक अभ्यासाची गरज आहे. आता तूच सांग, याच्यावर तो बिचारा काय लिहिणार? "अधिक अभ्यासाची गरज" हे वाक्य पेपरात शोभून दिसतं, पण फाईलवर त्याचा अर्थ होतो की आत्ता काही करायची गरज नाही. आणि नंतर कळलं की त्या खाडीबाबतची बैठक पाच महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती. म्हणजे वरात गेल्यावर आम्ही घोडं घेऊन पोचलो.

पुढच्या वेळी आम्ही एक पान दिलं. मराठीत. त्यात तीनच गोष्टी: नमुना ओहोटीच्या शेवटच्या तासात घ्यावा, पहाटे घ्यावा, आणि अमुक दोन ठिकाणी घ्यावा. एवढंच. प्रदूषण कोण करतंय, किती दंड, यातलं काही नाही. त्यावर मात्र टिपणी झाली, कारण त्यात अधिकाऱ्याला लिहिता येईल असं वाक्य होतं आणि कुणाशी भांडण नव्हतं. नमुना घ्यायची वेळ बदलली की पुढचं बरंचसं आपोआप बाहेर येतं.

यातून एक सवय लावून घे: कुठलाही अभ्यास सुरू करायच्या आधी स्वतःला विचार की हे कोणत्या खात्याच्या, कोणत्या नियमाच्या, कोणत्या कलमात बसणार. समुद्रात ते जमिनीपेक्षा अवघड आहे, कारण समुद्राचे मालक बरेच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे बावीसेक किलोमीटर, तिथवर मासेमारीचं राज्य सरकार बघतं. त्याच्या पुढं २०० मैलांपर्यंत केंद्र. कांदळवन वनखात्याकडं, पाण्याची गुणवत्ता प्रदूषण मंडळाकडं, बंदरं आणखी तिसऱ्याकडं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आत आंग्रिया बँक म्हणून प्रवाळांचं मोठं पठार आहे, आपल्या महाराष्ट्राचं म्हणून कौतुक होतं, २०२० मध्ये राज्य सरकारनं संरक्षणाच्या दिशेनं पाऊल पण उचललं, पण ते बारा मैलांच्या कितीतरी बाहेर, म्हणजे चावी दिल्लीकडं. तुझा अभ्यास कितीही भारी असला आणि अर्ज चुकीच्या दारात दिलास तर तो तिथंच वाळत पडतो. गंमत म्हणजे मच्छीमार खोली वावात (दोन्ही हात पसरल्याएवढं माप) मोजतात, जीआर सागरी मैलात बोलतो आणि आपण मीटरमध्ये पेपर लिहितो. तिघं एकाच पाण्याबद्दल बोलत असतात.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण खरी मजा तिथंच आहे.

शाळेत आपण पाठ केलं, महाराष्ट्राला ७२० किलोमीटर किनारा. केंद्राच्या जुन्या नोंदीत तो ६५२ होता. आता नव्या मोजणीत ८७७ झालाय. देशाचा ७,५१६ चा ११,०९८ झाला. समुद्र काही वाढलेला नाही, मोजायचा नकाशा बदलला. जुनी मोजणी सत्तरच्या दशकातल्या ढोबळ नकाशावर होती, नवी मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर, त्यात प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण धरलं गेलं. जितकी बारीक पट्टी तितका किनारा लांब. आता हे गणितातलं कोडं म्हणून सोडून देता येईल, पण उद्या निधी किनाऱ्याच्या लांबीवर वाटायचा ठरला तर? पट्टी कुठली वापरली हा मग राजकारणाचा प्रश्न होतो. म्हणून आकडा देताना तो कसा मोजला ते त्याच ओळीत लिहायचं, तळटीपेत नाही. तळटीप फाईलवर चढत नाही.

किमान लांबीचं उदाहरण चांगल्या बाजूनं सांगते. सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, ही १९४७ पासूनची, त्यांचे लोक बंदरावर मासे उतरतात तिथं जाऊन वर्षानुवर्षं टोपल्या मोजतात, मासे मोजपट्टीवर ठेवतात, पोट फाडून अंडाशय बघतात. किती लांबीची मादी पहिल्यांदा अंडी धरते हे असं हजारो पोटं फाडून कळतं, त्याला दुसरा शॉर्टकट नाही. केरळनं २०१५ मध्ये १४ प्रजातींची किमान लांबी कायद्यात आणली. आपल्याकडं २०२३ मध्ये ५४ प्रजातींची यादी आली, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा पण केला. आठ वर्षं उशीर झाला म्हणून नावं ठेवता येतील, पण मला विशेष वाटतं ते हे की ज्या दिवशी सरकारला आकडा पाहिजे होता त्या दिवशी तो तयार होता. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी त्या टोपल्या मोजल्या त्यांना तेव्हा कुणी धोरणासाठी मोजायला सांगितलं नव्हतं. बाकी १३५ मिलिमीटरची पट्टी लावून ट्रॉलरच्या जाळ्यातून आलेल्या मेलेल्या पिल्लाचं काय करायचं, हे त्या आकड्यात नाही. त्यासाठी जाळ्याच्या टोकाच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकाचा, आकार बघावा लागतो, आणि तो बंदरावर तपासायला माणूस लागतो, तो कमी आहे.

उलट बाजूचं उदाहरण २००१ चं. त्या वर्षी जुलैत केंद्रानं सगळ्या मुश्या (शार्क) आणि सगळे पाकट (रे मासे) एका फटक्यात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले, म्हणजे वाघाच्या शेजारी. हेतू चांगला होता. पण बोंबाबोंब झाली, कारण ज्या मुशीचं कालवण कोळीवाड्यात आठवड्यातून दोनदा होतं ती धरली तर वाघ मारल्याचा गुन्हा. डिसेंबरात यादी कापून मोजक्या प्रजातींवर आणली. मला वाटतं त्यात नुकसान नंतरचं जास्त झालं, पुढं कुठल्या मुशीला खरंच संरक्षण पाहिजे असं सांगायला गेलं की बंदरावर पहिला प्रश्न यायचा, "परत सगळ्याच बंद करणार काय?" मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथंही मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा ओढली, आणि ती रेषा कागदावर राहिली.

वेळेचंही बघ. माशांचा अख्खा थवा वेढून धरणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं डॉ. सोमवंशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ते भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक. अहवाल २०१२ मध्ये. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणा, असा अगदी नेमका आकडा त्यात होता. आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ ला. चार वर्षं तो अहवाल होता तिथंच होता, विज्ञान तेच, आकडे तेच, बदललं काय तर पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं वाढली, विधिमंडळात प्रश्न आले. म्हणजे फाईल हलवायला विज्ञान लागतं पण विज्ञानानं ती हलत नाही. ज्या दिवशी हलते त्या दिवशी टेबलावर तुझा कागद असला पाहिजे, एवढंच आपल्या हातात.

त्यासाठी अधिवेशनाचं कॅलेंडर बघायला शीक. हे कुठल्याच एमएससीत शिकवत नाहीत. पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्या दिवसांत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी येतात आणि अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर तयार पाहिजे असतं. रात्री साडेदहाला फोन येतो, "ताई, अमुक खाडीत तिसऱ्यांचं उत्पादन कमी झालंय का, दोन ओळीत सांगा." त्या दोन ओळी तू देऊ शकलीस आणि त्या खऱ्या निघाल्या तर पुढच्या समितीला तुझं नाव त्यांना आपोआप आठवतं. मी ज्या समित्यांवर गेले त्यातल्या निम्म्या अशा फोनांमधून आल्या, पेपर वाचून कुणीही बोलावलं नाही. आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं, त्याच क्षणी. अंदाज ठोकून द्यायचा नाही. एकदा उत्तर सभागृहात वाचलं गेलं की ते मागं घेता येत नाही.

दुसरा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे, तुलाही, आजपासून. पर्यावरण कायद्याखाली अशी बंधनं घालणारी अधिसूचना काढायची असली की केंद्राला एरवी आधी मसुदा राजपत्रात टाकावा लागतो आणि लोकांना ६० दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात. किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना १९९१ ला आली, २०११ ला नवी, २०१९ ला आणखी नवी, आणि मसुदा आला की हरकतींचा ढीग पडतो. त्यातल्या बहुतेक "किनारा वाचवा, आमचा विरोध आहे" एवढ्याच. त्या मोजल्या जातात, वाचल्या जात नाहीत. हरकत अशी लिही: परिच्छेद अमुक, उपकलम अमुक, यातला शब्द तमुक, त्याऐवजी हा शब्द घाला, कारण हे, पुरावा हा. अशी हरकत आली की अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी उत्तर नोंदवावं लागतं. तू एमएससीलाच हे करून बघ, मार्क मिळणार नाहीत पण कायदा कसा वाचायचा ते येईल.

सीआरझेडचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. २०१९ च्या नियमात ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले: जिथं २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर आहे तिथं बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आला, बाकी ठिकाणी २०० राहिला. आता लाट काही जनगणना बघून येत नाही. म्हणजे आकडा आहे, पण तो समुद्राच्या अभ्यासातून आलेला नाही, जमिनीच्या गरजेतून आलाय. आणि दुसरी बाजू, भारतीय सर्वेक्षण विभागानं किनाऱ्याची धोकारेषा काढलीय, त्यात किनारा किती झिजतो, पाणी किती चढतं, समुद्राची पातळी किती वाढेल हे सगळं धरलेलं. मेहनतीचं काम आहे. पण २०१९ च्या नियमानं ती आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यापुरती ठेवली, बांधकाम परवानगीशी तिचा संबंध ठेवला नाही. सांगलीच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: पूररेषा आखली, पण प्लॉट पाडताना ती बघायची नाही असं ठरलं. म्हणून मी सांगते, आपल्याकडच्या पोरांनी या विषयात यावं. पुरात दोनदा घर धुतलेल्या माणसाला धोकारेषा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि पूर म्हणलं की समुद्र आलाच. अरबी समुद्र तापतोय, त्यावरची बाष्पाची ये-जा बदलतीय, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. २०१९ च्या आपल्या पुराला एकट्या समुद्राला जबाबदार धरू नकोस, तसं कुणी म्हणलं तर त्याला अडव. पण समुद्राकडं पाठ करून कोयनेच्या विसर्गाचं वेळापत्रक ठरवायचे दिवस गेले, एवढं म्हणायला हरकत नाही.

अनिश्चिततेचं काय करायचं, हे तू नाही विचारलंस पण पुढं नक्की विचारशील. तुझा अभ्यास म्हणेल अडीच ते पाच, नियमाला पाहिजे एकच आकडा. माझी पद्धत अशी की आकडा एकच द्यायचा, सोबत दोन वाक्यं: हा आकडा चुकला तर कुणाचं नुकसान, आणि कधी परत तपासायचा. पाच वर्षांनी फेरतपासणी असं नियमातच लिहून घ्यायचा आग्रह धर. ते बहुतेक वेळा कापतात, पण दहातून दोनदा राहतं. कारण नवं ज्ञान येत राहतं. गुहागरच्या किनाऱ्यावर २०२५ च्या जानेवारीत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी अंडी घालायला आली, तिच्या वल्ह्यावर ०३२३३ नंबरचा बिल्ला. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं आम्ही व्याख्यानांतून सांगत आलो, मी पण सांगितलंय, चिपळूणला, माईकवरून. एका कासविणीनं आम्हाला गप्प केलं.

आता तुझ्यापुरतं. पीएचडीची घाई करू नकोस. स्टॅटिस्टिक्स नीट कर, जीआयएस (संगणकावरचं नकाशाचं काम) शीक, पोहायला शीक (हसू नकोस, आमच्यातल्या दोघींना येत नव्हतं). मराठीत एक पानाची टिपणी लिहायचा सराव कर, "सादर", "अभिप्रायार्थ", "मान्यतेस्तव" ही भाषा टोचते पण तीच चालते. गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान), मुंबईची सीआयएफई (मत्स्यशिक्षण), चेन्नईची एनसीएससीएम (किनारा व्यवस्थापन), या संस्थांत जिथं जमेल तिथं सहा महिने प्रोजेक्टवर राहा. पगार कमी असतो, फेलोशिप वेळेवर येत नाही, घरी ते आधीच सांगून ठेव. आणि नमुने घ्यायची स्टेशनं ठरवायच्या आधी एका तरी तांडेलाला आणि एका तरी मासे विकणाऱ्या मावशीला विचार. कुठला मासा यायचा बंद झाला हे मावशीला आधी कळतं, कारण गिऱ्हाईक शिव्या तिला घालतं.

विषय हवा असेल तर तुझ्या दारातच आहे. पोफळीतून किती पाणी सुटतं ते विजेच्या गरजेवर ठरतं, दिवसात वर-खाली होतं. ते खाली खाडीत पोचल्यावर ओहोटीला खारटपणा किती पडतो, तिसऱ्यांच्या पिल्लांवर काय होतं, हे वर्षभर मोजलंस तर पाणी सोडायच्या वेळापत्रकाला लावता येईल असा आकडा त्यातून निघू शकतो. डिसेंबरात मी चार दिवस दाभोळला असणार आहे, तुला यायचं असेल तर कऱ्हाडवरून चिपळूणची एसटी पकड, कुंभार्ली घाटातून तीनेक तासात चिपळूणला पोचशील, तिथून दाभोळ. बाटल्या तुमच्या लॅबमधून आण, काचेच्या बुचाच्या, आणि बूच घट्ट बसतंय का ते तिथंच पाणी भरून बघ, होडीत कळलं तर काही उपयोग नाही.